एकान्ताची आवड की माणसांचा कंटाळा?

कोलकात्यात बरीच वर्षे वास्तव्य करून असलेल्या एका महाराष्ट्रीय सद्गृहस्थांनी एक शंका विचारली आहे. शंका वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु तिच्या पोटात गृहस्थाश्रमाचा एक मोठा प्रश्न दडलेला असल्यामुळे तिचा विचार येथे करीत आहोत.

या गृहस्थांना फुटबॉलची आवड लहानपणापासून आहे. त्यांचे थोरले बंधू त्याच शहरात राहतात. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या रात्री ते आपल्या घरी पंचवीस-तीस मंडळी जमवितात. खाणेपिणे होते, पैजा लागतात, मध्यरात्रीपर्यंत आरडाओरड चालते. १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना व फ्रान्स यांचा अंतिम सामना होता, त्या रात्री बंधूंनी आग्रहाने बोलाविले असताही हे गेले नाहीत. मुलांना लवकर निजविले, खोलीचे दार लोटून घेतले आणि आवाज मंद ठेवून त्यांनी सामना एकट्याने पाहिला. दुसऱ्या दिवशी वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावोजी, आमची माणसे तुम्हांला नकोशी झाली का?" तेव्हापासून दादांचे व त्यांचे मोकळे बोलणे राहिलेले नाही. हे गृहस्थ विचारतात, "गीतेने एकान्ताची आवड हे ज्ञानाचे लक्षण मानले आहे. मग माझे काय चुकले?"

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की खेळ पाहणे हा काही अपराध नव्हे. स्वामी विवेकानंदांनी १८९७ मध्ये मद्रास येथील व्याख्यानात तरुणांना असे बजाविले होते की, दुर्बल देहाने गीता वाचण्यापेक्षा फुटबॉल खेळल्याने ते स्वर्गाच्या अधिक जवळ जातील. अंगात बळ आले म्हणजे गीताही त्यांना अधिक चांगली उमगेल. त्यानंतर चौदा वर्षांनी, २९ जुलै १९११ रोजी, त्याच कोलकात्यात मोहन बागानच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला दोन विरुद्ध एक गोलांनी हरवून ढाल जिंकली आणि पराधीन देशाची मान उंच झाली. ज्या खेळाने एवढे दिले, त्याची आवड असण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

दुसरे असे की, गर्दीविषयी या गृहस्थांना वाटणारी अप्रीतीही निराधार नाही. समुदायात मिसळलेला मनुष्य पुष्कळदा आपला विवेक दाराबाहेर ठेवून येतो. १६ जुलै १९५० रोजी रिओ येथील माराकाना क्रीडांगणावर सुमारे दोन लक्ष लोक जमले होते. सामना बरोबरीत सुटला असता तरी ब्राझीलला विश्वचषक मिळणार होता; परंतु उरुग्वेने तो दोन विरुद्ध एक असा जिंकला. त्या पराभवाचे खापर बार्बोसा या गोलरक्षकाच्या माथी फोडण्यात आले, आणि २००० साली मृत्यूने सोडवीपर्यंत तो दोष त्याच्या पाठीस लागून राहिला. अकरा जण खेळले, पण दोषी एकच ठरला! कोलकात्याने तर याहून दारुण प्रसंग पाहिला आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बेंगॉल यांच्या सामन्याच्या वेळी प्रेक्षकांत हाणामारी उसळली आणि चेंगराचेंगरीत सोळा जण प्राणास मुकले. खेळ पाहण्यास म्हणून घरून निघालेली ती माणसे परत आली नाहीत. दिवाणखान्यात जमलेल्या पंचवीस माणसांकडून असे काही घडत नाही, हे खरे. परंतु पैज हरलेल्याचा संताप, चेंडू चुकविलेल्या पोरसवदा खेळाडूला दिलेली शिवी आणि ती ऐकत कोपऱ्यात बसलेली मुले, हे तेथेही असतेच. अशा ठिकाणी जाणे मनाला रुचले नाही, तर त्यात दोष कसला?

येथवर या गृहस्थांची बाजू बळकट दिसते. परंतु खरा प्रश्न यापुढेच आहे. गर्दी टाळली म्हणजे एकान्त साधला, असे होते काय?

गीतेचा आरंभच या दृष्टीने मननीय आहे. धृतराष्ट्र रणभूमीवर नव्हता. शंखांचा घोष, हत्तींचे चीत्कार, धूळ, गर्दी, यांपासून तो दूर हस्तिनापुरात आपल्या आसनावर बसला होता. तरीही त्याच्या पहिल्याच प्रश्नात 'माझे' आणि 'पांडूचे' अशी वाटणी झालेली आहे. सारे कुरुक्षेत्र त्याच्या अंतःकरणात भरलेले होते. त्याच्याच शेजारी संजय होता. युद्ध तेच, वृत्तान्त तोच. परंतु संजयाला जे दिसले ते धृतराष्ट्राला ऐकूनही दिसले नाही. तात्पर्य, दोघांत भेद स्थानाचा नव्हता, ममत्वाचा होता. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी याहून कठोर शब्द योजला आहे. जो कर्मेंद्रिये आवरून बसतो, पण मनाने विषयांचेच चिंतन करीत राहतो, त्याला त्यांनी मिथ्याचारी म्हटले आहे. दार लोटून घेतले, परंतु आत बसून 'माझा' संघ मागे पडला म्हणून मुठी आवळल्या, तर दाराबाहेरची गर्दी आत आलीच.

आजच्या काळी तर गर्दीला दाराचीही आडकाठी राहिलेली नाही. त्याच सामन्यात अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होता; ऐंशीव्या मिनिटापासून अवघ्या दोन मिनिटांत एम्बापेने दोन्ही गोल फेडले; जादा वेळेत पुन्हा एकेक गोल होऊन तीन-तीन अशी बरोबरी झाली; आणि अखेर पेनल्टींवर अर्जेंटिनाने चार विरुद्ध दोन असा विजय मिळविला. फ्रान्सच्या कोमान व चुआमेनी या दोन तरुणांच्या पेनल्टी वाया गेल्या. लगेच समाजमाध्यमांवर त्यांच्या वर्णावरून अत्यंत हीन शिव्यांचा वर्षाव झाला. अशी शिवी लिहिण्यास शेजारी कोणी असावे लागत नाही. खोलीत एकटा असलेला मनुष्य हातातील फोनच्या द्वारे जमावातलाच एक होऊ शकतो.

मग खरा एकान्त कसा ओळखावा? या गृहस्थांनी, आणि आपण सर्वांनीच, स्वतःस तीन प्रश्न विचारावेत.

(१) मी काय पाहिले? दोन्ही बाजूंचे कौशल्य पाहिले, की केवळ आपल्या बाजूची हारजीत? प्रतिपक्षाच्या उत्तम खेळाला मनातून दाद देता आली असेल, तर त्या एकान्ताने काही दिले म्हणावयाचे.

(२) उठल्यावर माझे मन कसे होते? तेराव्या अध्यायातील लक्षणांत एकान्ताचे नाव येण्यापूर्वी इष्टानिष्ट प्राप्त झाले असता चित्त सम राखण्याचे लक्षण आले आहे. आणि सर्वांत प्रथम आले आहे ते मानाची इच्छा नसणे. 'मी त्या गोंगाट करणाऱ्यांपैकी नव्हे' हा विचार सुखावीत असेल, तर पहिलीच पायरी निसटली.

(३) माझ्या एकान्ताचे मोल कोणी दिले? मुलांना लवकर निजविले, असे पत्रात आहे. त्यांना सामना पाहावयाचा नव्हता काय? घरातील स्त्रीने ती रात्र कोठे व कशी काढली, याविषयी पत्रात एक अक्षर नाही. गृहस्थाचा एकान्त पुष्कळदा दुसऱ्याच्या निमूटपणावर उभा असतो. संन्यासी घर सोडून एकान्त घेतो. गृहस्थ घरातच एकान्त घेतो, तेव्हा तो मागून, विचारून आणि परतफेडीची जाणीव ठेवून घेतला पाहिजे.

श्रीमद् आद्य शंकराचार्यांनी या लक्षणाचे विवरण करताना एक मोलाची मर्यादा घातली आहे. संस्कारहीन व अविनीत लोकांच्या समुदायाविषयी अप्रीती, असा तेथे अर्थ आहे. सुसंस्कृतांचा समागम तर ज्ञानाला उपकारकच होय. आता दादांच्या घरी जमलेली ती पंचवीस माणसे यांपैकी कोणत्या वर्गात घालावयाची? ज्यांनी आपणास अंगाखांद्यावर खेळविले, ज्यांच्या ताटात आपण जेवलो, त्यांच्यावर एका रात्रीच्या आरोळ्यांवरून असा शिक्का मारणे हा विवेक नव्हे. ती गर्दी नव्हती. ती आपली माणसे होती आणि त्या रात्री ती गोंगाट करीत होती, इतकेच.

म्हणून आमचे नम्र निवेदन असे की, सामना शांतपणे पाहण्यात या गृहस्थांचे काहीच चुकले नाही. चुकले ते न सांगता दूर राहण्यात. पुढील अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांनी सायंकाळीच दादांकडे जावे, वडील मंडळींना नमस्कार करावा, वहिनींच्या हातचे दोन घास खावेत आणि मग उघडपणे सांगावे, "दादा, मला गोंगाटात खेळ नीट दिसत नाही. मी घरी जाऊन पाहतो. उद्या सकाळी चहाला येतो." असे सांगून गेलेल्या माणसाची जागा भरलेलीच राहते, न सांगता राहिलेल्याची जागा मात्र रात्रभर रिकामी दिसते. घरी परतल्यावर दार पुरते लोटू नये. जागे असलेले मूल शेजारी येऊन बसले, तर त्याला हरणाऱ्या संघाचा खेळही दाखवावा. एकान्तात जे कमावले ते देण्यास याहून चांगली जागा कोणती?

परंतु यासाठी चार वर्षे थांबण्याचे कारण नाही. तो सामना एका रात्रीत संपला. दोन भावांमधला अबोला अजून संपलेला नाही. त्यांनी आजच सायंकाळी दादांच्या घरी जावे. सामन्याचा विषय निघाला तर निघू द्यावा, न निघाला तरी बसावे. ज्याला आपल्या माणसांजवळ शांतपणे बसता येते, त्यालाच एकटे बसण्याचा खरा अधिकार प्राप्त होतो.