व्रत आणि वेतन

शिक्षकी पेशाला आपण ‘व्रत’ म्हणतो. शब्द आदराचा आहे. पण व्रत घेतलेल्याने मोबदला मागायचा नसतो, आणि गोम तिथेच आहे.

महाराष्ट्रात नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणतात. प्राथमिक शाळेत त्याचे मानधन २०२२ अखेरपर्यंत महिना ६,००० रुपये होते. २०२३ पासून १६,००० झाले. इकडे अमेरिकेत शिक्षक वर्गासाठी वह्या-रंग पदरच्या पैशाने आणतात. सरकार त्यातल्या काही खर्चावर करसवलत देते, म्हणजे हा खर्च कायद्यानेच गृहीत धरला आहे.

२०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या शिक्षकांनी पगारवाढीसाठी संप केला. शाळेतल्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी त्यांनी आधी खाऊच्या पिशव्या भरून दिल्या. अशा माणसांना कमी देणे सोपे जाते. ती मुलांना वाऱ्यावर सोडणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असते.

माया शिक्षक आपणहून देतो. ती पगारातून वळती करून घेण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? आपण इथे घर घेतो ते शाळा बघून. पण लेक ‘शिक्षिका होईन’ म्हणाली, की गप्प होतो. त्या गप्प बसण्यातच उत्तर आहे.