जीवांची अनेकता आणि समन्याय

अलीकडे लोकव्यवहारात तीन शब्द वारंवार कानी पडतात : वैविध्य, समन्याय आणि समावेश. डायव्हर्सिटी, इक्विटी आणि इन्क्लूजन या इंग्रजी शब्दांचे हे मराठी पर्याय होत. कार्यालये व विद्यापीठे यांविषयी धोरणे आखतात. शब्द नवे असले तरी त्यांतील प्रश्न साधकाला परका नाही. ज्या मार्गाचा उगमच परमेश्वराच्या जीवोद्धरणव्यसनात आहे, त्या मार्गाने या शब्दांचा विचार आपल्या शास्त्राच्या आधारे केला पाहिजे.

प्रथम वैविध्याचा विचार करू. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. जीव एक नसून अनेक आहेत. मोक्षातही जीव परमेश्वराच्या आनंदाचा भोक्ता होतो. त्याच्यात विरून जात नाही. म्हणून जीवांची अनेकता हा भ्रम नव्हे, ती सत्य आहे. परंतु जात, कुळ, स्त्रीत्व, पुरुषत्व हे धर्म देहाचे आणि देह प्रपंचाचा. जीवांची अनेकता मानणे वेगळे आणि देहांची उतरंड मानणे वेगळे. रजस्वलेच्या विटाळाचा प्रसंग आला तेव्हा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी तो स्राव देहाच्या इतर स्रावांच्या पंक्तीत बसविला आणि विटाळ धरू नये असे निरूपिले. देहधर्मावरून जीवाची योग्यता ठरत नाही, हा त्याचा इत्यर्थ.

आता समन्याय. येथे शंका उद्भवते की, सर्व जीव जर मोक्षाचे अधिकारी, तर सर्वांना एकच माप लावावे. कोणाची वेगळी सोय करणे हा समतेचा भंग नव्हे काय?

याचे समाधान स्मृतिस्थळातील एका आठवणीत आहे. केशिराजबास संस्कृतचे मोठे पंडित होते. शास्त्रप्रकरणे संस्कृतात आणावीत, असा त्यांचा मानस होता. आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना आवरले. तसे झाले तर मार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. संस्कृत ग्रंथ कोणापासूनही लपविला जाणार नव्हता. तो सर्वांसमोर सारखाच राहिला असता. तरीही ज्यांना ती भाषा शिकण्याची संधीच मिळाली नव्हती, त्यांच्यासाठी ते दार बंदच राहिले असते. केवळ समान वाटणी आणि समन्याय यांतील अंतर ते हेच. पंडिताला मराठीने काही उणे पडले नाही आणि म्हातारीला सर्व काही मिळाले. भारताच्या संविधानातही हाच विवेक दिसतो. अनुच्छेद १४ सर्वांना कायद्यापुढे समान मानतो, तर अनुच्छेद १५ भेदभावास मनाई करून स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतुदीस वाव ठेवतो.

रिद्धपूरची लीळाही हेच शिकविते. पाण्यावाचून हाल होत असल्याची विनवणी मातंगांनी श्रीगोविंदप्रभूंना केली. प्रभूंनी त्यांना धीराचा उपदेश करून परत पाठविले नाही. विहिरीची जागा दाखविली. जेथे उणे होते तेथे पूर्ती केली. कृपा अशी गरजेकडे धावते.

तिसरा शब्द समावेश. कोणाला सभेत बसू देणे एवढ्यानेच समावेश होत नाही. जो बसला त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले पाहिजे. महदाइसांच्या जिज्ञासेचा स्वामींनी कधी अव्हेर केला नाही. त्यांच्या प्रश्नांमुळे कित्येक निरूपणे प्रकटली. त्याच महदाइसांच्या मुखातून रिद्धपुरी धवळे निघाले आणि मराठीला तिची आद्य कवयित्री लाभली. जिला प्रश्न विचारू दिला, तिने संपूर्ण भाषेला दान दिले. लीळाचरित्राच्या पाठपरंपरेत हिराइसांचा पाठ मान्यता पावला, तोही स्त्रीच्या स्मरणशक्तीवर ठेवलेल्या विश्वासामुळेच.

येथे दुसरी शंका येते की, शास्त्रातच योग्यतेचे तारतम्य सांगितले आहे, मग सर्वांचा समावेश कसा? समाधान असे : तारतम्य आहे, परंतु ते आर्त, जिज्ञासा आणि वैराग्य यांचे. ते जन्मावरून मोजता येत नाही; आणि जे दारातच अडविले गेले त्यांची जिज्ञासा कोणी पाहिली? योग्यतेची परीक्षा प्रवेशानंतरची आहे. योग्यतेचे नाव घेऊन प्रवेश नाकारणे हा शास्त्राचा विपर्यास होय.

हा उपदेश पुढील शतकांत आचारात सर्वत्र त्याच तेजाने टिकला, असे म्हणता येत नाही. भोवतालच्या समाजाचा जात्यभिमान मार्गातही शिरला. म्हणून प्रत्येक आश्रमाने स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. निरूपणाच्या वेळी ज्या वृद्धेला कमी ऐकू येते, ती मागच्या ओळीत बसते की पुढे? तपस्विनींना केवळ सेवेचा अधिकार आहे की शास्त्रचर्चेचाही? नवदीक्षिताचे पूर्वीचे कुळ अजूनही कोणी विचारते काय? पायऱ्या चढू न शकणाऱ्यास देवपूजेचे दर्शन घडते काय? दृष्टिहीनास सूत्रे पाठ करून देण्यासाठी कोणी वेळ काढतो काय?

२०२४ मध्ये रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, हा आनंदाचा विषय. परंतु ही भाषा ज्या म्हाताऱ्यांसाठी राखली गेली, त्यांच्यासारखे कोणी आज आपल्या दाराबाहेर उभे असेल, तर त्या गौरवाला अर्थ उरत नाही. आचार्यांनी पंडिताला थांबवून ज्यांची काळजी वाहिली, त्यांची काळजी वाहणे हेच त्यांच्या वचनाचे अनुसरण होय.

दंडवत प्रणाम.