लाच घेणारा देव



मूर्तिपूजेचा निषेध हा धर्माचा विषय आणि लाचलुचपतीचा निषेध हा राज्यकारभाराचा, असे आपण सहसा मानतो. यहुदी लोकांच्या मीखा नामक संदेष्ट्याने, म्हणजे परमेश्वराचा निरोप सांगणाऱ्याने, हे दोन्ही दोष एकत्रच सांगितले. त्यातील मर्म विचार करण्याजोगे आहे.

मीखा इसवी सनापूर्वी आठव्या शतकात होऊन गेला. यहूदा राज्यातील मोरेशेथ हे त्याचे गाव. त्याची वचने बायबलच्या जुन्या करारात आहेत. शेजारच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन नष्ट होईल, तिच्या मूर्तींचा चुराडा होईल, असे त्याने बजावले. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या सैन्याने ती जिंकली. परंतु मूर्तींवर तो थांबला नाही. दुसऱ्याचे शेत कसे लाटावे याचा रात्री अंथरुणात बेत करणारे आणि सत्तेच्या जोरावर उजाडताच तो तडीस नेणारे लोक त्याने उघडे पाडले. लाच घेणारे न्यायाधिकारी, मोल घेऊन उपदेश करणारे पुरोहित, पैशासाठी भविष्य सांगणारे संदेष्टे, कोणाचीच गय केली नाही.

हे सारे लोक स्वतःस भाविक समजत, हे विशेष. परमेश्वर आपल्यात आहे, तेव्हा आपले वाईट होणार नाही, हा त्यांचा भरवसा!

वाचकहो, मूर्ती हिशेब मागत नाही. नैवेद्य ठेवला की ती प्रसन्न झाली, हे आपणच ठरवितो. अशा देवाची सवय जडली की न्यायाधीश विकत घेण्यात वावगे वाटत नाही. यरुशलेमच्या पुढाऱ्यांनी निराकार परमेश्वराचीही अशी मुकी मूर्ती करून टाकली होती. म्हणून हजारो मेंढ्यांच्या बळीपेक्षा न्याय, दया आणि नम्र आचरण देवाला प्रिय, हे मीखाला सांगावे लागले.

पुढे सुमारे शंभर वर्षांनी यिर्मयाने मंदिराच्या नाशाचा इशारा दिला, तेव्हा पुरोहितांनी त्याच्या देहान्ताची मागणी केली. काही वडीलधाऱ्यांनी आठवण दिली की, मीखाही असेच बोलला होता आणि हिज्कीया राजाने त्याला न मारता देवाचे भय धरले होते. यिर्मयाचे प्राण वाचले. त्याचा इशारा मात्र मानला गेला नाही. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले.

आपल्या परंपरेत आय्दक्की लक्कम्मांची कथा सर्वांस ठाऊक आहे. मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा त्या माउलीने ते परत करावयास लावले. दासोहासाठी आणलेले होते, तरीही!

देणगीची पावती फाडताना पैसा कोठून आला हे विचारणे मठाचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी मीखाचा पुरोहित आठवावा. आम्हां मठाधिपतींना तर तो आधी आठवला पाहिजे. विचारले तर दासोहाची चूल मंदावेल, असे भय वाटते. मंदावली तरी चालेल. आपणही देताना तो प्रश्न स्वतःस विचारावा.

शरणु शरणार्थी.