पायऱ्यांनी लादलेला वानप्रस्थ

चिखलदऱ्याच्या दरीशी कीचकवधाची कथा जोडलेली आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले असे लोक सांगतात, आणि विराट राजाची आठवण म्हणून वैराटकडे बोट दाखवतात. भीमाच्या बळाचे कौतुक करण्याच्या नादात कथेतला खरा पेच मात्र बाजूला राहतो. द्रौपदी विराटाच्या घरी आश्रित होती. भर सभेत कीचकाने तिला लाथ मारली, तिने दाद मागितली, आणि राजा गप्प राहिला. परक्याच्या घरात राहणाऱ्याचा मान घरधन्याच्या मर्जीवर असावा का, हा त्या सभेतला प्रश्न अजून मिटलेला नाही. आज तो फार साध्या रूपात समोर येतो. सत्तरी ओलांडलेल्या भाडेकरूने न्हाणीघराच्या भिंतीला आधाराचा दांडा लावू द्या म्हटले, तर घरमालकाने दिलेला होकार हे दान आहे की कर्तव्य? मी त्याला कर्तव्यच म्हणेन. घर भाड्याने देताना आपण भिंती देत नाही, राहणे देतो. आणि ज्या घरात माणसाला एकट्याने संडासाला जाता येत नाही, तिथे तो राहतो असे म्हणणे कठीण आहे.

आपल्याकडची घरे पाहा. अमरावती-अकोल्यात अपार्टमेंट म्हटले की बहुधा खाली पार्किंग आणि वर तीन मजले. पार्किंगने तळमजला खाल्ला, त्यामुळे पहिला मजलाही जिना चढूनच गाठायचा. लिफ्ट असेलच असे नाही. घर बघायला गेलेला माणूस हॉल केवढा, हवा कशी, अकोल्यात असेल तर नळ किती दिवसांनी येतो, हे सगळे विचारतो. संडासाचे दार किती रुंद, हे कोणी विचारत नाही. चाकाची खुर्ची त्या दारात अडली की बाकीचे घर कितीही ऐसपैस असले तरी व्यर्थ. उताराचेही तसेच. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा असावा लागतो. जोते दीड फूट उंच असेल तर अठरा फूट लांब. दारापुढे सिमेंटचा जो खडा घसरा करतात, तो स्कूटर चढवायचा. त्यावरून म्हातारीची खुर्ची उतरवणे म्हणजे तिला ढकलणे. आणि अकरा महिन्यांच्या करारात हमखास एक कलम असते: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय घरात कोणताही बदल करायचा नाही. भिंत पाडणे आणि दांड्यासाठी चार भोके पाडणे, दोन्ही त्या एकाच कलमात बसतात.

यावर एक आक्षेप अध्यात्माच्या वाटेने येतो. देह नश्वर, त्याचे चोचले किती पुरवायचे. आपल्या परंपरेने उतारवयाला वानप्रस्थ सांगितला, सोयीचा फ्लॅट नव्हे. हा आक्षेप ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्याला परंपराच नीट कळलेली नाही. अंगावर सुरकुत्या आणि डोक्यावर पांढरे केस दिसले की गृहस्थाने वनाकडे वळावे, असे मनुस्मृती सांगते. पण तिथे निघतो तो गृहस्थ स्वतः, आपल्या पायांनी. दुसऱ्या मजल्यावर अडकल्यामुळे ज्याचे देऊळ, बाजार आणि पारावरच्या गप्पा सुटल्या, त्याने काहीही सोडलेले नाही. ते त्याच्याकडून काढून घेतले गेले आहे. त्याला वैरागी म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. वैराग्य स्वतःपुरते घ्यायचे असते, दुसऱ्यावर लादायचे नसते, हे वऱ्हाडाला तरी वेगळे सांगायला नको. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी अंगावर चिंध्या आणि हातात खराटा यापलीकडे स्वतःसाठी काही ठेवले नाही. त्याच माणसाने पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी इतरांसाठी पक्क्या धर्मशाळा उभ्या केल्या. छप्पर क्षुद्र गोष्ट आहे असे त्यांना वाटत असते, तर एवढी यातायात त्यांनी कशाला केली असती?

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे: म्हाताऱ्यांना भाड्याचे घर शोधावे लागणे हीच कुटुंबाची नाचक्की, मग ते सोयीचे करून मुलांना मोकळे का सोडायचे? मुलांची जबाबदारी मला मान्य आहे, कायद्यालाही आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याने निर्वाहात अन्न-वस्त्र-औषधांबरोबर निवाराही मोजला आहे. पण त्या कायद्याचा भर एका टोकाला कुटुंबावर आणि दुसऱ्या टोकाला निराधारांच्या वृद्धाश्रमावर आहे. मधला माणूस, म्हणजे पेन्शनवर स्वतःचे भाडे भरणारा, कोणाच्या ओसरीवर न पडणारा, त्यात फारसा दिसत नाही. त्याने स्वतंत्र राहावे हे कुटुंब तुटल्याचेच लक्षण का मानायचे? पोरगा पुण्यात नोकरीला आणि आई-वडिलांचा जीव अमरावतीत, अशा घरात प्रेम कमी असते असे थोडेच आहे.

राहता राहिला मालकाचा आक्षेप, आणि तो खोटा नाही. घर त्याचे, कर्ज त्याचे. कोण्या भाडेकरूसाठी त्याने फरश्या का उखडाव्यात? सगळा खर्च मालकाने करावा असे मी म्हणत नाही. दांडा, कमोडची उंच बैठक, न घसरणारी फरशी भाडेकरूने आपल्या पैशाने लावावी, जाताना भोके बुजवून द्यावीत. मालकाकडून मागायचे आहे ते एवढेच, की नकार देऊ नये. ‘म्हातारा माणूस घरात गेला तर पुढे भाडेकरू मिळणार नाही’ ही भीती मात्र मी धर्मबाह्य मानतो. कोणाचेही घर मृत्यूपासून सुटलेले नाही, आणि मृत्यूला विटाळ मानणाऱ्याने निदान गीतेचे पारायण थांबवावे.

नव्याने बांधणाऱ्याला तर सबबच नाही. चिखलदऱ्यासारख्या सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या गावी, पावसाळ्यात जिथे दगडी पायऱ्यांवर शेवाळ चढते, तिथे उताराच्या जागेचा फायदाच घेता येतो: घर दरीकडे दोन मजली असले तरी वरच्या अंगाने रस्त्याला लागून दार ठेवले, तर एकही पायरी लागत नाही. तेव्हा चिखलदऱ्यात, परतवाड्यात, अमरावतीत भाड्याने द्यायला घर बांधणाऱ्यांनी नकाशावर सही करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. रस्त्याच्या पातळीवर एक दार, आणि खुर्ची आत जाईल असा एक संडास.