काळ विसरूनही उरणारे माप

बिंदूंचा एक संच आणि प्रत्येक बिंदूने पुढच्या क्षणी कोठे जायचे हे सांगणारा, उलटवता येणारा नियम मिळून गतिक प्रणाली होते; या नियमाने संचाच्या कोणत्याही भागाचे माप बदलत नसेल तर ती मापरक्षक आणि नियमाने अढळ राहणारे, शून्याहून अधिक मापाचे दोन तुकडे तिचे पाडता येत नसतील तर एर्गोडिक ठरते. एका बिंदूची मागची-पुढची सारी स्थाने म्हणजे त्याची कक्षा. दोन प्रणालींमधील मापरक्षक एकास-एक संगती कक्षांना कक्षांवर नेत असेल, तर त्या कक्षा-समतुल्य होत. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली आणि कल्याण ही स्थानके एकाच मार्गावर आहेत एवढे ठाऊक असावे, पण लोकल कोणत्या स्थानकानंतर कोणत्या स्थानकात शिरते हे मुळीच ठाऊक नसावे, तसे कक्षांचे हे ज्ञान आहे. फरक इतकाच, की येथील मार्ग अनंत असतो.

हेन्री डाय यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले, की ज्यात एकेकट्या बिंदूला वजन नाही अशा एकूण माप १ असलेल्या प्रमाण अवकाशावरील कोणत्याही दोन मापरक्षक एर्गोडिक प्रणाली कक्षा-समतुल्य असतात. वर्तुळाचे अपरिमेय कोनातून होणारे संथ भ्रमण आणि नाणेफेकीची अनंत मालिका यांची एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चितता वाढण्याचा दर, भिन्न आहे. तरी कक्षांच्या दृष्टीने त्या एकच. यावरून कक्षा-समतुल्यतेची कल्पना निःसत्त्व आहे असे मानणे घाईचे ठरेल. क्रमाची उलथापालथ सरासरीने मर्यादित ठेवली, तर दोन प्रणाली एकरूप तरी असतात किंवा एक दुसरीच्या उलट दिशेची असते, हे बेलिन्स्काया यांनी १९६८ मध्ये दाखवले. आणि एका नियमाऐवजी मुक्त गट, म्हणजे परस्परांशी कसलेही नाते नसलेल्या जनक नियमांपासून बनलेला गट, कार्य करू लागला, तर त्याच्या जनकांची संख्याही मुक्त मापरक्षक क्रियेच्या कक्षांतून ओळखता येते, हे गाबोरिओ यांनी २००० साली सिद्ध केले.

परंतु काळ विसरल्यावर काय उरते, या प्रश्नाचे सर्वांत मूलगामी उत्तर मुंबई विद्यापीठाचे म. ग. नाडकर्णी यांच्या १९९० च्या निबंधात आहे, असे म्हणणे अतिशयोक्त नाही. त्यांनी माप गृहीतच धरले नाही; केवळ बोरेल संच, म्हणजे मोजता येण्याजोगे संच, आणि त्यांवरील नियम घेतला. अवकाशाचे मोजता येण्याइतके तुकडे करून ते कक्षांवरूनच सरकवले आणि ते एकमेकांवर न येता अवकाशाच्या अशा भागात मावले, की वगळलेला भाग प्रत्येक कक्षेला स्पर्श करतो, तर अवकाश आकुंचनक्षम आहे. अशा अवकाशावर अढळ सांत माप असू शकत नाही, कारण वगळलेल्या भागाचे माप शून्य होते आणि त्याच्याच स्थानांतरांनी सारा अवकाश व्यापला जातो. ही दिशा सोपी आहे. नाडकर्णी यांनी उलट दिशा सिद्ध केली: आकुंचन शक्य नसेल, तर असे माप असतेच. होप्फ यांनी १९३२ मध्ये तत्सम निकष दिला होता, पण तेथे आधीचे एक माप हाताशी होते. मापाचे अस्तित्व काळाच्या क्रमावर नव्हे, कक्षांच्या रचनेवरच ठरते, हा यातला खरा आशय होय. बेकर व केक्रिस यांनी तो गणनीय गटांच्या क्रियांपर्यंत नेला. आणि १९९४ मध्ये डॉगर्टी, जॅक्सन व केक्रिस यांनी दाखवले, की एकाच नियमाने निर्माण होणाऱ्या अनंत कक्षा, प्रत्येक कक्षेतून एक बिंदू बोरेल रीतीने निवडता येत नसेल तेव्हा, त्यांच्या एकूण माप १ असलेल्या एर्गोडिक अढळ मापांच्या संख्येनेच पूर्णपणे ओळखता येतात.