आडवेळेचा पांथस्थ

यात्रेच्या दिवशी आलेल्या माणसास कोणतेही गाव आनंदाने पाणी देते. परंतु यात्रा नसताना, आडवेळी, ओळखदेख नसताना वाटेत थांबलेल्या माणसास ते काय देते, आणि त्या माणसाने तरी गावाकडून काय घ्यावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावरील वळसंग हे गाव या विचारास फार सोयीचे आहे. अक्कलकोटास श्रीस्वामी समर्थांनी १८७८ साली देह ठेवला. चैत्रातील त्यांचा प्रकटदिन व पुण्यतिथी, आषाढातील गुरुपौर्णिमा, मार्गशीर्षातील दत्तजयंती, या दिवसांत हा रस्ता माणसांनी भरून वाहतो. हे दिवस सरले म्हणजे पर्जन्यछायेतला हा सपाट, उघडा मुलूख पुन्हा आपल्या मूळच्या शांततेत जातो. आणि वैशाखातल्या दुपारी तेथे वाहन थांबवणाऱ्यास बहुधा एकच वस्तू हवी असते: पाणी.

अतिथी या शब्दाची व्युत्पत्ती आमच्या शास्त्रकारांनी मोठ्या मार्मिकपणे केली आहे. ज्याच्या येण्यास तिथी नाही, तो अतिथी. म्हणजे जो यात्रेस म्हणून आला तो यात्रेकरू होय, गिऱ्हाईकही होय; परंतु खरा अतिथी म्हणावयाचा तो आडवेळी येणारा. यात्रेकरूच्या स्वागतात भक्तीचा व व्यापाराचाही अंश असतो, आणि त्यात निंद्य असे काही नाही. मात्र ज्याच्याकडून ना पुण्य मिळावयाचे ना पैसा, अशा माणसाशी आपण कसे वागतो, येथेच आतिथ्य हा धर्म आहे की व्यवहार आहे याचा निकाल लागतो.

अलीकडे या निकालातून सुटका करून घेण्याची एक युक्ती निघाली आहे. ती म्हणजे चाकांवरचे घर. निजावयास बिछाना, स्वयंपाकास शेगडी, पाण्याची टाकी, सर्व काही मोटारीत घेऊन माणसे देश हिंडतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा कॅरॅव्हॅन-पर्यटनाचे धोरण ठरविले. अमेरिकेत हा प्रकार जुना आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझाइट नावाचे एक गाव आहे. हिवाळ्यात तेथे अशा गाड्यांची लाखांनी मोजावी अशी वस्ती उतरते. उन्हाळ्यात पारा चढला म्हणजे ती सर्व निघून जाते आणि दोन-अडीच हजार माणसांचे गाव तेवढे मागे उरते. गंमत अशी की, या गावच्या दफनभूमीतील सर्वांत प्रसिद्ध कबर एका परक्या पांथस्थाचीच आहे. अमेरिकन लष्कराने वाळवंटात उंट चालवून पाहण्याचा जो प्रयोग केला, त्यासाठी समुद्रापलीकडून नेलेला हाजी अली नावाचा उंटवाला १९०२ साली तेथे वारला. पुढे १९३५ साली त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड उभारण्यात आला.

चाकांवरच्या घराचे समर्थन असे करतात की, आम्ही कोणास उपसर्ग देत नाही. कोणाच्या ओट्यावर पथारी टाकीत नाही, कोणाच्या रांजणास हात लावीत नाही, आमचे आम्ही. हे समर्थन हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दुष्काळी गावावर आपला भार न टाकणे हे खरोखरच सौजन्य आहे. परंतु स्वयंपूर्णतेलाच नीतीची परिसीमा मानावयाचे झाले, तर एक जुनी हकीकत आडवी येते.

१९०१ सालच्या उन्हाळ्यात काही मुले साताऱ्याहून आपल्या वडीलमाणसाकडे निघाली होती. त्यांतील एक, दहा वर्षांच्या आतबाहेरचा, पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगास माहीत झाला. मसूरच्या स्थानकावर उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकावी या अटीवर. रात्री ती टोलनाक्यापाशी थांबली. बरोबरचा फराळ भरपूर होता; नव्हते ते फक्त पाणी. मुलाने आपण मुसलमान असल्याचे सांगूनही पाहिले. परंतु नाकेदाराने पाणी दिले नाही, ती मुले भरल्या डब्यांजवळ उपाशी निजली. बाबासाहेबांनी स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. शिदोरी बरोबर असली म्हणजे माणसास माणसाची गरज उरत नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या रात्रीचे स्मरण ठेवावे.

आणि येथेच आमच्या अतिथिधर्माचे वैगुण्यही उघडे पडते. अतिथीस देव मानावे असे सांगणाऱ्या परंपरेतच मनुस्मृती ब्राह्मणाच्या घरी आलेल्या वैश्य-शूद्रांस नोकरांबरोबर जेवू घालावयास सांगते. त्यांच्याही पलीकडे ठेवलेल्यांची कथा निराळी सांगावयास नको. पाणी ही यजमानाच्या मर्जीची गोष्ट होती, आणि मर्जी जात पाहून होत असे. म्हणून १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादुर बोले यांनी ठराव आणला, की सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. पण १९२७ साली महाडास त्याच पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल उच्च न्यायालयात लागावयास १९३७ साल उजाडले.

त्याच १९३७ सालच्या एप्रिलात बाबासाहेब वळसंगास आले. तेथील दलित वस्तीने आपल्या श्रमाने विहीर खणली होती. तिचे पाणी त्यांच्या हस्ते काढण्यात आले. त्या वस्तीचे हे कर्तृत्व मोठेच. तथापि ती विहीर स्वावलंबनाचा विजय म्हणून जितकी गौरवावी, तितकीच बाकीच्या समाजाचे अपयश म्हणूनही वाचावी. एकाच शिवारात, एकाच भूगर्भातील पाण्यासाठी निराळा खड्डा खणावा लागणे, हे स्वावलंबन मनाने पत्करलेले नव्हते, लादलेले होते. ज्यास दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी मिळू शकते व तरीही जो आपली टाकी घेऊन हिंडतो, त्याने आपली स्वयंपूर्णता या स्वयंपूर्णतेच्या पंक्तीस बसवू नये.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९५ सालच्या शाश्वत शांततेवरील आपल्या निबंधात म्हटले आहे की, परक्या भूमीवर आलेल्या माणसास शत्रूप्रमाणे न वागविले जाण्याचा हक्क आहे. ही भूतदया नव्हे, हक्कच आहे. मात्र तो येण्याचा हक्क आहे, पाहुणचार मागण्याचा नव्हे. आमच्या राज्यघटनेने १९५० साली सार्वजनिक विहिरी, तलाव व रस्ते यांविषयी असाच हक्क जातिधर्मनिरपेक्ष करून टाकला. पाणी कृपेचे न राहता हक्काचे झाले, हे इष्टच झाले. पण हक्क मिळाला म्हणून ऋण फिटत नाही. नाकेदारावर कायद्याचे बंधन असते तर मुलांस पाणी मिळाले असते. ते कोणत्या शब्दांत, कोणत्या चेहऱ्याने दिले जावे, हे कायदा सांगू शकला नसता.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच. गावाने आडवेळी आलेल्यास पाणी द्यावे, आणि देताना जात, गाव, खिसा यांची चौकशी करू नये. हा त्याचा हक्क आहे. पांथस्थाने ते ऋण मानून प्यावे. उद्या एखादे चाकांवरचे घर वैशाखात वळसंगासारख्या गावी थांबले, तर तेथल्या नळावर आपली टाकी भरून घेणे हा हक्काचा दुरुपयोग होय. कारण त्या टाकीचे पाणी कोणाच्या तरी घागरीतून वजा होणार. पण खाली उतरूच नये, काचा लावून आतच बसावे, हेही बरे नव्हे. उतरावे, तांब्याभर मागावे, लागेल तेवढेच प्यावे, आणि देणाऱ्यास आपले नावगाव सांगावे. जेथे पाणी थोडे आहे तेथे ते मागण्यास संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो संकोच बाळगून मागणारा आणि तो जाणून देणारा, या दोघांमध्ये जे नाते जुळते, ते भरलेल्या टाकीने कधीच जुळत नाही.