ससिकरक्षणाची लीळा आणि मुलांचे पक्षिज्ञान

प्रस्तुत अंकी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळाचरित्रातील ससिकरक्षणाच्या लीळेचा विचार करू. लीळा सर्वांच्या परिचयाची आहे. पारधी पाठीशी लागलेला ससा धावत येतो आणि स्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. पारधी तो मागतात. स्वामी देत नाहीत. शरणागताचे रक्षण हा लीळेचा हेतू सांगून निरूपणकार बहुधा येथेच थांबतो. परंतु म्हाइंभटांनी पुढे जे नोंदविले आहे, ते मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. स्वामींनी पारध्यांना शाप दिला नाही. हा जीव रानात राहतो, हरळी खातो, नदीचे पाणी पितो. मग त्याला का मारावे, अशा आशयाने त्यांना विचारले. ज्याला ते केवळ शिकार समजत होते, त्याचे जगणे त्यांच्यापुढे ठेवले.

हा भेद आम्हांस उशिरा उमगला. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत एका उपदेशी कुटुंबातील दहा वर्षांचा मुलगा आश्रमात राहावयास आला होता. त्याने गलोलीने एक बुलबुल पाडला. आम्ही त्याला समोर बसवून अहिंसेचे निरूपण केले; मुंगीचीही जोडी आपल्या हातून फुटू नये ही स्वामींची आज्ञा सांगितली. त्याने मुकाट्याने दंडवत घातला व गलोल स्वाधीन केली. चौथ्या दिवशी त्याच्या अंथरुणात दुसरी गलोल सापडली! निरूपण शास्त्रशुद्ध होते. पण बुलबुल कोठे राहतो, काय खातो, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. खरे सांगावयाचे तर आम्हांसही फारसे ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास आश्रमामागील पडीत जमिनीवर टिटवी बसली होती. टिटवी झाडावर घरटे करीत नाही. उघड्या भुईवर खळगा करून, भोवती खडे मांडून, त्यात बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळपट ठिपके. पाय पडेपर्यंत दिसू नयेत अशी. मुलाला सांगितले, जवळ जावयाचे नाही, हात लावावयाचा नाही. निंबाखाली बसून काय दिसते ते वहीत लिहावयाचे. आपण वारंवार जवळ गेलो तर पाखरू अंडी उघडी टाकून उठते, मग ऊन आणि कावळे आपले काम करतात, हे कारणही सांगितले.

तो रोज बसू लागला. नरमादी आळीपाळीने बसतात, हे त्यानेच प्रथम पाहिले. भर दुपारी एक पाखरू पाण्यावरून पोट भिजवून आले आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसले, तेव्हा तो धावत आला व म्हणाला, “बाबा, ती अंड्यांना गार करते आहे!” कुत्रे त्या बाजूस वळले, तेव्हा टिटवीच्या आधी हाच ओरडला. सुमारे चार आठवड्यांनी पिले निघाली, आणि अंगावरील लव वाळते न वाळते तोच चालू लागली. गलोलीचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. काढावा लागला नाही.

येथे भिक्षुक वाचक शंका घेतील की, पाखरांत मन गुंतविणे हा मोहच नव्हे काय? एकादश स्कंधात, ज्यावर आपल्या भास्करभट्ट बोरीकरांनी ‘उद्धवगीता’ रचली, अवधूत कपोताला गुरू करतो. पारध्याच्या जाळ्यात पिले पडली, त्यांच्यामागून माता-पित्यांनीही उडी घेतली, हे त्याने पाहिले, म्हणून त्याला बोध झाला. त्याने कपोत पाळला नव्हता. पाहणे आणि ‘माझे’ म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ‘माझे’ म्हणण्याची खोड आपल्या घरांत कमी नाही. कित्येक वासनिकांच्या ओसरीवर पिंजऱ्यात पोपट असतो. त्याला श्रीकृष्णनाम शिकविले, याचे कौतुकही होते. ज्याचे आकाश आपण हिरावून घेतले, त्याच्याच मुखाने नाम ऐकण्यात कोणता धर्म साधतो, हे आम्हांस कळत नाही. देशी पोपट बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे. मात्र हा मजकूर वाचून कोणी घाईने पिंजऱ्याचे दार उघडू नये. जन्मभर कोंडलेल्या पाखराच्या पंखांत बळ नसते, त्याला खाणे शोधता येत नाही. मांजराच्या तोंडी जाते. ते वनविभागाच्या स्वाधीन करावे, आणि तेथे मुलाला बरोबर न्यावे.

पिलू घरट्यातून पडलेले आढळले, तर माणसाचा हात लागल्याने आई त्याला टाकते, ही समजूत खोटी आहे. पंख न फुटलेले पिलू अलगद घरट्यात ठेवावे. पंख फुटलेले, उड्या मारणारे असेल तर झुडपात सोडून दूर व्हावे. आई जवळच असते. उन्हाळ्यात पाण्याचे परळ उथळ असावे व रोज घासावे. संक्रांतीस नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नये.

तो मुलगा आता मोठ्या वर्गात आहे. गेल्या चैत्रात तो आला, तेव्हा प्रथम निंबाखाली गेला. पडीत जमीन त्या वर्षी नांगरली होती. टिटवी कोठे गेली, असे त्याने विचारले. आम्हांस उत्तर देता आले नाही. आता आश्रमाची ती अर्धा एकर जागा चैत्र ते आषाढ नांगरावयाची नाही, असे ठरविले आहे.